फोटोतलं दुसऱ्याचं अंग

१५ फेब्रुवारी २००४, रविवार. फोटोचे साडेतीनशे रुपये. हजर होतो मी, माझी बायको, बाळंतपणासाठी माहेरी आलेली आमची मुलगी आणि तिची पाच महिन्यांची लेक. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून निघून आम्ही चंद्रपुरातल्या एका फोटो स्टुडिओत गेलो होतो.

नात दिवस भरण्याआधीच जन्मली. वजन एक किलो सातशे. राजुऱ्याला मुलीच्या सासरी मात्र माझ्या बायकोने फोनवर अडीच किलो सांगितलं. मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो. अशक्त लेकरू दिलं म्हणून मुलीला बोल लागेल, ही भीती दोघांनाही होती. जावई येऊन पाहून गेले, पण घरी त्यांनीही तोंड उघडलं नाही. विहीणबाई पाय मोडून खाटेवर होत्या, म्हणून येऊ शकल्या नव्हत्या. नातीचा फोटो तरी पाठवा, असा त्यांचा निरोप आला.

स्टुडिओत भिंतीवर पाच पडदे गुंडाळलेले होते: बर्फाचे डोंगर, ताजमहाल, समुद्र, गुलाबाची बाग आणि राजवाड्याचा जिना. बायकोने बाग निवडली. त्या बागेला खाली हातभर ओल चढली होती. समोरच्या गादीवर रेक्झिन होतं आणि त्याला मुताचा वास येत होता. कापसाच्या अस्वलाचा एक कान किती लेकरांनी चोखला होता देव जाणे, तो काळा आणि कडक झाला होता. मालकाने सगळ्या लेकरांना घालायचा तोच झालरीचा फ्रॉक आमच्या नातीला घातला. मागून चार चिमटे लावले तरी तो खांद्यावरून घसरत होता. वर सोनेरी केसांचा टोप. आतून तो तेलकट होता. तो मी काढायला लावला. तेवढंच एक त्या दिवशी मी धड केलं.

मालक लेकराकडे पाहून म्हणाला, "काळजी करू नका काका. कम्प्युटरवर भरून देतो."

भरून म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

आठ दिवसांनी फ्रेम घेऊन घरी आलो आणि उजेडात धरली. कमळाच्या पाकळीवर एक गुबगुबीत गोरं बाळ पालथं पडलेलं. मानेच्या वर आमची नात, तीही चुन्यासारखी पांढरी. मानेखाली कोण, ते मला आजतागायत माहीत नाही. मनगटाला दोन वळ्या, ढोपरांना खळ्या. आमच्या नातीचं वजन त्या आठवड्यात चार किलो सहाशे होतं आणि हे अंग आठ किलोच्या खालचं नव्हतं. गालावरची तीटसुद्धा डाग समजून पुसून टाकली होती. पाच महिने एकेका छटाकासाठी मुलगी रात्रंदिवस दर दोन तासांनी वाटी-चमच्याने दूध पाजत होती. ती सगळी मेहनत कापून तिथे कुणाचं तरी तयार अंग चिकटवलं होतं.

बायको म्हणाली, किती गोड. मुलीने फ्रेम कागदात गुंडाळली आणि जावयांनी ती राजुऱ्याला नेली. मी अडवलं नाही. फोटोवाल्याची किळस येत होती तशीच स्वतःचीही येत होती.

मार्चअखेर विहीणबाई काठी टेकत सुनेला न्यायला आल्या. फ्रेम पिशवीतून सोबत आणली होती, सगळ्या नातेवाइकांना दाखवून झाली होती. नातीला मांडीवर घेतलं, फ्रॉक वर करून पाय पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, फोटोत हे लेकरू केवढं होतं. महिन्यात एवढं झडलं काऊन? माह्या नातीले दूध देऊन राह्यले का नाई तुम्ही?"

बायको पुसट आवाजात, मध्ये जुलाब झाले होते, असं काहीतरी सांगू लागली. एका खोट्यावर दुसरं. तिला मुलीनेच थांबवलं. फ्रेमकडे बोट दाखवून ती सासूला म्हणाली,

"ते अंग हिचं नाई, आई. हे हिचं आहे."

मग ती दवाखान्याचं कार्ड घेऊन आली. विहीणबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कार्ड माझ्याकडे दिलं. मी जन्मापासूनची सगळी वजनं तारखांसकट वाचली, एक किलो सातशेपासून सुरुवात करून. वाचताना मला मान वर करवेना. त्या मात्र प्रत्येक आकड्याला नातीच्या पायावरून हात फिरवत होत्या.

"एवढूशी होती अन् एवढी केली माह्या सुनेनं," त्या म्हणाल्या. "आम्ही का खाऊन टाकलं असतं तिले? काऊन लपवलं?"

संध्याकाळच्या गाडीने त्या सुनेला आणि नातीला घेऊन गेल्या. फ्रेम टेबलावर ठेवली आणि निघताना मला म्हणाल्या, "हे कोणाचं लेकरू आहे तर त्याले देऊन द्या. मले माह्या नातीचा फोटो पाठवा."

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेलो. मूळ निगेटिव्ह शोधायला लावलं. चिमटे, ओल, घसरलेला फ्रॉक, गालावरची तीट, जसं आहे तसं काढून द्या म्हणालो. फ्रेम काऊंटरवरच सोडली. मालक म्हणाला, असा फोटो कुणी भिंतीला लावत नाही. मी म्हटलं, राजुऱ्याला लावणार आहेत. प्रिंटचे आणि निगेटिव्हचे मिळून वीस रुपये त्याच्या हातात दिले.