दोघींच्या वजनाची गाडी

शुक्रवारी सकाळी बदलापूरला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी मी नेहमीसारखी उभी होते. डोक्याला स्कार्फ, पायांत बूट आणि पिशवीत दोघींपुरते पोहे. माझी मैत्रीण नलू उशीर करणाऱ्यातली नव्हती, आज मात्र झाला होता, त्यामुळे आल्याआल्या तिला काय काय ऐकवायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात फोन वाजला. तिच्या मुलीचा, प्रज्ञाचा. "मावशी, आई झोपेतच गेली..." एवढंच ती बोलू शकली. मी वॉचमनच्या खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिले. बातमी कळली होती, पण मी अजून नलूच्या त्या लाल गाडीचीच वाट बघत होते.

याला आता काही आठवडे झाले. नलिनीवर लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं, पण सारखं हसूच येतंय, आणि मी ते आवरणार नाही. अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या टेबलांवर अख्खी नोकरी काढली. ती तिथल्याच बुवापाड्याची, शिष्यवृत्तीवर केमिस्ट्री शिकलेली, आणि रंगाची छटा किंचित चुकली तरी सबंध बॅच परत पाठवणारी. मॅनेजर तिला टरकून असत. निवृत्तीनंतर मी योगासनांचा वर्ग लावला. नलूने स्पोर्ट्स कार घेतली. उल्हासनगरात पडद्याचं कापड आणायला गेली होती ती! दुकानदाराचा मुलगा परदेशी गेलेला, त्याची दोन दारांची, दोनच सीटची गाडी मागच्या गोडाऊनमध्ये धूळ खात होती. पडदे राहिले बाजूला. संध्याकाळी माझ्या दारात हॉर्न वाजवून ही म्हणते, "मंदे, बस. पण जरा वाकून बस, खूप खाली आहे."

तेव्हापासून दर शुक्रवार आमचा झाला. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे आनंदनगरचे ते रुंद रस्ते रिकामे. आयुष्यभर ज्या रस्त्यावरून कंपनीच्या बसमध्ये पेंगत गेलो, तिथून आता दोन बाया वाऱ्यासारख्या जायच्या. वाऱ्यासारख्या म्हणजे नलूच्या मते. माझ्या मते होडीसारख्या. वळण आलं की गाडी एका अंगाला कलायची, मग सरळ होताना दोनदा डोलायची. एकदा चिखलोलीजवळच्या वळणावर समोरून टेम्पो आला, नलूने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीने जणू जरा विचार करून मग ऐकलं. काही झालं नाही, पण नलूचा चेहरा गंभीर झाला. प्रयोगशाळेत बॅच परत पाठवताना व्हायचा तसा. "सस्पेन्शन बदलायला हवं," ती म्हणाली.

इथून आमचं भांडण सुरू झालं. माझ्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेले. सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंग आणि धक्के शोषणारे शॉकअप, कडक केलं की गाडी वळणावर रस्ता धरते, हे नलूने मला वाचून दाखवलं होतं. पण कडक केलं की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात, हे मला वाचून दाखवायची गरज नव्हती. अंबरनाथ ते बदलापूर किती गतिरोधक आहेत ते माझ्या कमरेला विचारा! सरळ हिशेब होता. गाडी नलूच्या मनासारखी झाली तर माझी सीट गेली, आणि माझी सीट राहिली तर नलूने जन्मभर ती डोलणारी होडी चालवायची. मी म्हटलं, "तू कर बाई तुझं कडक. मी येत जाईन रिक्षाने मागून." ती म्हणाली, "नाटकं करू नकोस." मग दोन शुक्रवार आम्ही भेटलोच नाही. खरं सांगते, ते दोन शुक्रवार मला फार जड गेले.

तिसऱ्या शुक्रवारी ती आली आणि मला थेट उल्हासनगरला किशोरभाईंच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली. किशोरभाई म्हणजे मोठा हौशी सिंधी माणूस, तोंडात सतत बडीशेप आणि ज्याला त्याला 'साईं'. त्यांना गाडी खाली करायची होती. "साईं, इतनी नीचे कर देता हूँ, रोड चाटेगी! सब लोग बघत राहणार." नलू म्हणाली, "मला लोकांनी बघायला नकोय, गाडीने ऐकायला हवंय. आणि हिची कंबर दुखता कामा नये." किशोरभाई गाडीखाली शिरले, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "मॅडम, इसके शॉकअप तो कबके मेले. स्प्रिंग अकेली नाचतेय, म्हणून गाडी डोलती है. कमर उसीसे दुखती है." म्हणजे आम्ही ज्याला आराम समजून भांडत होतो, तोच माझ्या कमरेचा वैरी निघाला. नलूने माझ्याकडे बघितलं आणि मी छताकडे.

शेवटी असं ठरलं की गाडी खाली करायची नाही, स्प्रिंग थोड्याच कडक घालायच्या, आणि शॉकअप नवे, हवे तसे घट्ट-सैल करता येणारे. काम झालं आणि मग ते वजन प्रकरण आलं. चारही चाकांवर भार नीट वाटला गेला पाहिजे, म्हणून किशोरभाईंनी शेजारच्या भंगारवाल्याकडून चार वजनकाटे आणले आणि एकेका चाकाखाली एकेक ठेवला. "ड्रायव्हर बैठो. सिर्फ ड्रायव्हर." नलू बसली आणि म्हणाली, "आणि ही?"

"ये तो कभी कभी बैठेंगी ना?"

"कभी कभी? ही गाडीचा पार्ट आहे. मंदे, बस."

भर गॅरेजमध्ये, सगळ्या कारागिरांसमोर, साठी उलटलेल्या बाईला काट्यावर बसवतात का? मी नाही म्हटलं. नलूने हात धरून ओढलं. मी बसले. किशोरभाई बिचारे सभ्य, त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही. नुसतं म्हणाले, "लेफ्ट साइड जरा... भरपूर आहे." नलू अशी काही हसत सुटली की गाडी हलायला लागली. "हसू नका मॅडम, काटा थांबत नाही!" किशोरभाई ओरडत होते, ती आणखी हसत होती, आणि मग माझाही राग कुठल्या कुठे पळाला. अर्धा तास चारही काटे स्थिर होईनात. असं हसत हसत, काट्यांवरचा भार बघून एकेक स्प्रिंग पिळत, आमच्या दोघींच्या वजनाचं ते सेटिंग झालं.

त्यानंतर गाडीने नलूचं ऐकायला सुरुवात केली. वळणावर ती रस्त्याला चिकटून जायची, सरळ झाली की झाली. कंबर तर दुखलीच नाही! नलू वळण घेऊन माझ्याकडे बघायची, बॅच पास झाली की बघायची तशी. इतकी आनंदी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, नलूसाठी बुद्धवंदना झाल्यावर, प्रज्ञाने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमचीच आहे मावशी." गाडी चालवायला मी पूर्वीच शिकले होते, पण ही पहिल्यांदा एकटी घेऊन निघाले आणि जीव घाबरला. डावीकडे वळताना गाडी वेगळी, उजवीकडे वळताना वेगळी. थेट किशोरभाईंकडे नेली. ते एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "खराब काही नाही मॅडम. दोन माणसांचं सेटिंग आहे ना, आता बाजूची सीट रिकामी आहे. एक के लिए बना दूँ? नाहीतर बाजूला तांदळाची गोण ठेवा, चलेगा." मी किल्ली परत घेतली. एकटीसाठी सेटिंग करायला माझं मन होईना. आणि तांदळाशी काय बोलणार?

मग एका शुक्रवारी मी बुवापाड्याला गेले. नलूच्या आई तिथे राहतात, ऐंशी पार केलेल्या. लेक गेल्यापासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. म्हटलं, "आई, माझ्याबरोबर गाडीत बसायला माणूस हवंय." त्यांनी कारण विचारलं नाही, पदर नीट केला आणि निघाल्या. गाडीत बसवताना आम्हा दोघींची भरपूर तारांबळ उडाली. त्यांचं वजन माझ्या निम्मंही नाही, त्यामुळे सेटिंग काही पुरतं जुळलं नाही, पण गाडी बरीच शहाण्यासारखी चालली. रिकाम्या रस्त्यावरचं पहिलं वळण आलं तसा मी वेग कमी केला.

"नलू इथं हळू करायची?" आईंनी विचारलं.

"नाही."

"मग तू कशाला करतेस?"

पुढच्या वळणाला मी वेग कमी केला नाही.