कोटाला पॅन्ट मॅच करायला गेले तेव्हा

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरल्याने दोन पॅन्टी उचलून दाखवल्या आणि विचारलं, "आजी, या निळ्या जॅकेटखाली कुठली?" त्याला आलेल्या निमंत्रणात 'स्मार्ट कॅज्युअल', म्हणजे नीटनेटके पण फार औपचारिक नसलेले कपडे, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "राखी." तो "थँक्स" म्हणून गेला. हे उत्तर माझ्याकडे तयार का होतं, ते सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात आत्या येऊन आजोबांचं कपाट आवरणार आहे. आजोबांना जाऊन आता दीड वर्ष झालं. कपाट रिकामं होण्याआधी त्यातल्या एका कोटाबद्दल लिहून ठेवते.

आत्याचं लग्न ठरत होतं तेव्हा तुम्ही लहान होतात. तिने आपलं आपण जमवलं होतं. मुलाच्या आईवडिलांनी आम्हा तिघांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं, ठाण्याला घोडबंदर रोडवर, त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. त्यांच्याकडचे चार नातेवाईकही येणार होते. मोबाइलवर आलेल्या निमंत्रणात खाली तेच दोन शब्द होते.

आजोबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघी जा. माझा गुडघा दुखतोय."

"बाबा, परवा तुम्ही ठाकुर्लीपर्यंत चालत गेला होतात," आत्या म्हणाली.

"म्हणूनच दुखतोय."

ती हसली नाही. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, बाबा आले नाहीत तर ते लोक काय समजतील? बाबांना हे लग्न पसंत नाही, असंच ना? आणि मी तिथे गुडघ्याचं सांगत बसू?"

गुडघ्याचा प्रश्न नव्हताच. आजोबांनी सगळी नोकरी मोहने गावातल्या कारखान्यात खाकी युनिफॉर्ममध्ये केली. आज काय घालू, असा विचार त्यांना कधी करावाच लागला नाही. सूट एकच, तुमच्या आईच्या माहेरून आहेरात आलेल्या सूटपीसचा. त्याची पॅन्ट पुढे इस्त्रीला दिली ती गुडघ्यावर जळून परत आली, आणि कोट एकटा पडला. ठाण्याच्या त्या लोकांसमोर आपण गबाळे दिसू, ही त्यांची खरी धास्ती होती. ते तसं बोलले नसते आणि मीही विचारलं नाही.

मग मी ते काम अंगावर घेतलं आणि घोटाळा केला. साडी पिशवीत घालायची, मॅचिंग सेंटरमध्ये जायचं आणि ताग्यांच्या ढिगातून नेमका रंग काढायचा, हे मी आयुष्यभर केलं आहे. त्यात माझा हात धरणारं आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नव्हतं. त्याच हिशेबाने कोट पिशवीत घातला आणि डोंबिवली स्टेशनजवळच्या माझ्या नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदाराने कोट उलगडला, वर-खाली बघितला आणि म्हणाला, "काकू, ब्लाउज जरा मोठाच झाला."

त्याने मला शेजारच्या सूटिंगच्या दुकानात पाठवलं. तिथे ट्यूबलाइटखाली मी आठ-दहा तागे कोटाला लावून पाहिले आणि एक काळा निवडला. कोटही आम्ही काळाच समजत होतो. दुकानातल्या माणसाने दोन्ही कापडं एकमेकांवर धरली आणि मान डोलावली. शिंप्याने पॅन्ट शनिवारी दिली.

रविवारी सकाळी आजोबा तयार झाले. हॉलमधल्या आरशात सगळं ठीक दिसत होतं. गुडघ्याचं नाव नव्हतं. बूट घालायला ते गॅलरीत गेले, तिथे ऊन होतं. उन्हात कोट गडद निळा निघाला आणि पॅन्ट काळी कुळकुळीत.

आत्या माझ्याकडे बघायला लागली. आजोबांनी खाली वाकून आधी पॅन्टकडे, मग बाहीकडे बघितलं.

"सूट दोघांत वाटून घेतल्यासारखा दिसतोय," ते म्हणाले आणि कोटाची बटणं काढायला लागले. "जा तुम्ही दोघी."

या वेळी त्यांनी गुडघ्याचं कारणही दिलं नाही. आत्या दाराशी पर्स घेऊन उभी होती. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबा. दोघंही."

माझ्या अंगावर त्या दिवशी आंब्याच्या रंगाची साडी आणि मरून ब्लाउज होता. तो ब्लाउज चुकला असं कोणाला वाटलं नसतं, कारण रंग उघडउघड वेगळा होता. तोच साडीच्या जवळपासचा, पण थोडासा चुकलेला असता, तर चार बायकांनी टोकलं असतं. हे मला साडीत ठाऊक होतं, पण कोटाच्या वेळी आठवलं नव्हतं.

मी त्यांच्या सगळ्या पॅन्टी गॅलरीच्या कठड्यावर टाकल्या आणि उजेडात एकेक कोटाखाली धरली. खाकीला ते स्वतःच म्हणाले, "ही नको, ड्यूटीवर निघाल्यासारखं वाटतं." चॉकलेटी पॅन्ट कोटाजवळ मळकी दिसायला लागली. मग राखी आली. ती निरोप समारंभाला शिवलेली, पण पुढे बँकेत आणि भाजीला जाताना वापरातली.

"अगं, ही रोजची आहे."

"कोट रोजचा नाही ना? मग झालं."

"आणि टाय?"

"टाय नको, बाबा," आत्या म्हणाली. "वरचं बटणही उघडं ठेवा."

"म्हणजे अर्धवट कपडे करूनच जायचं असतं का?" ते म्हणाले, पण बटण उघडं ठेवलं.

क्लबहाउसच्या दारात मुलाचे वडील उभे होते, फिक्या बदामी जॅकेटखाली जीन्स घालून. त्यांनी पुढे येऊन आजोबांचा हात दोन्ही हातांत घेतला. पहिली दहा मिनिटं आजोबा सारखे बाह्या ओढत होते. मग विषय कारखान्यावर गेला आणि ते कोट विसरले. जेवणानंतर मुलाच्या आईने विचारलं, "तुमची काही अपेक्षा?" आजोबा म्हणाले, "मुलीने ठरवलंय, मला पसंत आहे. तारीख तेवढी काढू या." आत्याने तेव्हा कुठे पुढ्यातल्या गुलाबजामला चमचा लावला.

परतताना रिक्षात ते मला हळूच म्हणाले, "त्यांचा कोट आणि पॅन्ट अजिबात मॅच नव्हती गं." आवाजात मोठं समाधान होतं.

त्यानंतर साखरपुड्याला, बारशाला, सगळीकडे त्यांनी हीच जोडी घातली. एखादी नवी पॅन्ट घ्यायची झाली तर आधी कोट घेऊन दुकानाबाहेर उजेडात जात. राखी पॅन्ट शेवटी मांडीवर विरली आणि गेली.

कोट आहे. थोरल्याला खांद्यात बसला तर तो त्याचा, असं मी आत्याला सांगितलं आहे. काळी पॅन्टही आहे, चारदासुद्धा न घातलेली, शिवण पक्की. धाकट्याला हवी तर न्यावी, फक्त या कोटाखाली घालू नये.