हेन्री किहीमकरांना सापडलेला टापा

माझे सासरे हेन्री किहीमकर देव मानतात, पण बेताने. "देव माणूस चांगला आहे," ते म्हणतात, "त्याचे एजंट फार झालेत." आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आधी मुंबईत, मग कॅनडात नॉर्थ यॉर्कच्या टॉवरांमध्ये. त्यातून त्यांनी एकच तत्त्वज्ञान काढलं: जे अडकलंय ते प्रार्थनेने हलत नाही, ग्रीसने हलतं.

सासूबाई, जॉयस, अगदी उलट्या. दोघंही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. हे किहीमचे, त्या रेवदंड्याच्या. मी साताऱ्याची. लग्नाआधी माझ्या आईने आमच्या सासूबाईंना "अरे हेन्री, चहा घे" म्हणताना ऐकलं आणि तिला असा ठसका लागला की हेन्रीचा चहा तिलाच द्यावा लागला.

तर नवसाची गोष्ट. दोन हजार तेराला डॅडींची, म्हणजे सासऱ्यांची, बायपास झाली. ते आत, आम्ही बाहेर, आणि आई, म्हणजे सासूबाई, भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होत्या. नंतर कळलं, त्या एलियाहू हनाबीला नवस बोलल्या होत्या. हनाबी म्हणजे त्यांचे प्रेषित. ते रथात बसून स्वर्गात गेले, आणि जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकले, असं ही मंडळी मानतात. तिथल्या कातळावर रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, घोड्याची टाप आहे. त्या जागेला टापा म्हणतात. हेन्री स्वतःच्या पायांनी घरी आला तर त्याला टाप्यावर नेईन, गोड पोह्यांचा मलिदा करीन, आणि तोवर माशाला शिवणार नाही, असा तो नवस.

कोकणातल्या बाईने मासे सोडले. आता मासे त्यांनी सोडले, डॅडींनी नाही, पण जी खात नाही ती शिजवतही नाही. घरात तेव्हापासून बटाटा आला आणि राहिला. डॅडी मॉलच्या फूड कोर्टात लपून फिश बर्गर खाऊन दुधाची तहान ताकावर भागवत, आणि घरी आल्यावर आई दारातच म्हणत, "तोंड धुऊन ये."

मुंबईची तिकिटं काढायला आधी पैसे नव्हते, मग सवड नव्हती. शेवटी काढली, तर आईंच्या पायात रक्ताची गुठळी झाली. डॉक्टरांनी लांबचं विमान बंद केलं, कधीपर्यंत ते सांगेनात. आई त्या दिवसापासून खचल्याच. डॅडी नुसते खोकले तरी त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. "गरज सरो वैद्य मरो असं हनाबीशी वागलो आपण," त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "तो हेन्रीला परत मागेल." मी समजूत घातली, पण खरं सांगते, मलाही त्या खोकल्याची भीती वाटायला लागली.

दोन हजार सतराच्या ऑगस्टमध्ये झेवने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जाहीर केलं की आईला हवापालट हवा, आपण गाडीने नोव्हा स्कोशियाला जाऊ. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी नॅशनल पार्क फुकट होती. "फुकट दाखवतायत म्हणजे त्यांनाच खात्री नाही," डॅडी म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी गाडीत बसले.

आईंना तासातासाला उतरून चालायचं होतं. त्यामुळे आम्ही पूर्व कॅनडा वॉशरूम ते वॉशरूम असा पाहिला. आई हायवेच्या कडेला फेऱ्या मारत, डॅडी त्यांच्या बाजूने चालत आणि देशाला नावं ठेवत. न्यू ब्रन्सविकमध्ये फंडीच्या उपसागरावर माझी मुलगी ऑरली, वय वर्षं अकरा, ओरडली, "आजोबा, लुक! द ओशन इज गॉन!" जगातली सगळ्यांत मोठी भरती-ओहोटी ती. डॅडींनी उघडा पडलेला चिखल मालकाच्या नजरेने पाहिला. "अलिबागच्या किल्ल्यात आम्ही ओहोटीला चालत जायचो. कुणी पोस्टर छापलं?"

नोव्हा स्कोशियात तर त्यांचा जीव जळायला लागला. प्रत्येक टपरीवर मासे. जिकडेतिकडे लॉबस्टरचे लाकडी पुतळे. ते यहुद्यांना चालत नाही, म्हणून डॅडींनी त्यांच्याकडे "कोळंबीचा आजोबा" म्हणून पाठ फिरवली. पण खवल्यांचा मासा म्हणून हॅडॉक चालतो. हॅडॉकचा वास आला की ते खिडकी खाली करत, आणि आई म्हणत, "एसी लावलाय, काच वर कर." त्या वेळी मला सासूबाईंचाच राग आला होता. नवस तुमचा, उपास सगळ्या घराचा!

दुसऱ्या दिवशी आम्ही हॅलिफॅक्सच्या पुढे एका उघड्याबोडक्या किनाऱ्यावर थांबलो. झाड नाही, माती नाही. नुसता करडा कातळ, त्यावर कुणीतरी विसरून गेल्यासारखे घराएवढे धोंडे, आणि खाली आदळणारा समुद्र. आई चालायला उतरल्या, डॅडी पुढे गेले. थोड्या वेळाने त्यांची हाक आली, "जॉयस! अगं जॉयस, इकडे ये!"

मला वाटलं, पडले. धावत गेलो तर ते कातळावर गुडघे टेकून बसले होते. समोर दगडात दोन खोल, सरळ, समांतर चरे होते, थेट समुद्राकडे गेलेले.

"रथ," डॅडी म्हणाले.

झेवने माझ्याकडे पाहिलं, मी झेवकडे. ज्या माणसाने सणाच्या दिवशीसुद्धा सिनेगॉगबाहेर उभं राहून पार्किंगवर देखरेख केली, तो माणूस म्हणत होता, रथ.

ऑरली वाटेवरचा बोर्ड वाचून आली होती. "नो आजोबा, इट सेज ग्लेशियर. बर्फाने दगड ओढत नेले, दॅट्स हाऊ."

"बर्फाचं मला सांगू नकोस," डॅडी म्हणाले. "इतकी वर्षं ड्राइव्हवे शोव्हल करतोय. बर्फ कधी सरळ रेषेत काही करतं?"

"बट देअर आर लाइक फिफ्टी लाइन्स!"

"मग? एकदाच आला असेल का?"

आईंनी कातळाभोवती एक फेरी मारली, मंडईत भाजी बघतात तशी. मग म्हणाल्या, "टाप कुठंय?"

डॅडींनी इकडेतिकडे पाहिलं आणि पावसाचं पाणी साठलेल्या एका खळग्यावर बोट ठेवलं. परातीएवढा खळगा होता तो.

"घोडा केवढा होता, हेन्री?"

"कॅनडातला आहे. इथे सगळंच मोठं."

मला संताप आला. माशाच्या एका तुकड्यासाठी हा माणूस म्हाताऱ्या बायकोच्या श्रद्धेशी खेळतोय, असंच मला वाटलं, आणि मी ते झेवला मोठ्याने बोलूनही दाखवलं. डॅडींनी ऐकलं. ते खळग्यातलं पाणी बोटाने ढवळत राहिले, आणि मला तीच त्यांच्या गुन्ह्याची कबुली वाटली.

आई चऱ्यांच्या कडेने समुद्राच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माधवी, गाडीतले पोहे काढ."

पोहे होतेच. मराठी माणूस गाडीने निघाला आणि पोहे नाहीत, असं होत नाही. डिकीवर बसून मी ते भिजवले. साखर कॉफीच्या पुड्यांमधली, वेलची आईंच्या पर्समधली. नारळासाठी झेव परत शहरात गेला आणि तासाभराने हरवलेलं मूल शोधून आणल्यासारखा एक नारळ घेऊन आला. तो फोडायला मात्र जागा भरपूर होती. केळी, सफरचंद, संत्री होती, आणि ऑरलीने रस्त्याकडेच्या टपरीवरून घेतलेल्या ब्लूबेरी होत्या. पाच फळं हवीत, तर पिशवीच्या तळाशी सापडलेली एक नासपती मोजून आईंनी पाच केली.

डॅडींनी डोक्यावर बेसबॉलची टोपी सारखी केली आणि प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं होतं दोन ओळींत आटपतील. पण ते अख्खी म्हणत गेले, हिब्रूतली, तोंडपाठ, लहानपणी किहीमला शिकलेली. वारा इतका होता की पोहे उडायला लागले, मी ताटावर दोन्ही हात धरून बसले. शेवटी त्यांचा आवाज फाटला. प्रार्थना संपली तरी ते डोळे मिटून उभे राहिले, ओठ हलत होते. हॅडॉक दिसत असेल, मी मनात म्हटलं.

आईंनी मलिद्याची पहिली मूठ त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "फिटला." त्यांचा चेहरा इतका हलका झाला की माझा अर्धा राग तिथेच गेला.

उरलेला राग जेवताना गेला. जवळच बाकडी टाकलेली एक टपरी होती. आईंनी काउंटरवर जाऊन तिथल्या मुलीला बजावलं: हॅडॉक वेगळ्या पॅनमध्ये, बटरवर, लॉबस्टरच्या तेलात अजिबात नाही. प्लेटा आल्या. आईंनी काटा बाजूला ठेवला, हाताने एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. चार वर्षांनी. डोळे मिटून त्यांनी तो इतका सावकाश खाल्ला की आम्ही सगळे नुसते बघत राहिलो.

डॅडींनी आपली प्लेट झेवकडे सरकवली. "मला फ्रेंच फ्राइज चालतील."

"का? बरं वाटत नाही?" आईंचा चेहरा लगेच पांढरा.

"बरा आहे. सोडलेत मासे."

"कधी?"

"मघाशी. तिकडे उभा होतो तेव्हा." ते मिठाच्या बाटलीशी खेळत होते. "तुझ्या पायासाठी. पाय बरा झाला, डॉक्टरने विमानात बसू दिलं, की घेऊन जाईन तुला म्हणालो. खऱ्या टाप्यावर."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. बाटली त्यांच्या हातात तशीच राहिली. ऑरली काहीतरी विचारणार होती, मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग झेवसमोरची ती प्लेट ओढून आपल्यापुढे घेतली.

"बोर्ड मीही वाचला होता, हेन्री," त्या म्हणाल्या आणि दुसरा हॅडॉक मोडायला लागल्या. "आता बस बटाटे खात."