रिकाम्या खळग्यातली सुपारी

त्या प्रकरणात चोरीला गेलं होतं सोन्याचं नाणं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र अजून येते ती एक सुपारी.

मी तेव्हा सुपा पेट्यात, त्या लहानशा तालुक्यात, फौजदार होतो. कॅसलरॉक हे इंग्रजी हद्दीतलं शेवटचं स्टेशन. पुढे घाट आणि पोर्तुगिजांचा गोवा. गाडी तिथे थांबे, उतारूंच्या ट्रंका उघडल्या जात, जकात घेतली जाई. गाडी सुटली की जंगल तेवढं उरे. जकातीचे इंग्रज साहेब तिथे बरीच वर्षं होते. पत्नी वारलेली, मूल नाही. मराठी त्यांनी हमालांकडून शिकलेली, त्यामुळे फौजदारालाही ते 'तू' म्हणत. त्यात अपमानाचा हेतू नसे.

फिर्याद त्यांचीच होती. पंचनाम्यासाठी बंगल्यावर गेलो, तेव्हा त्यांनी हिरव्या बनातीने मढवलेली एक चपटी पेटी उघडली. प्रत्येक नाण्यासाठी कापडात गोल खळगा होता. एक खळगा रिकामा होता.

"रोम बुडालं, तवा पूर्वेला जे बादशहा ऱ्हायले त्यांचं हाय," साहेब म्हणाले. "समुद्रावरनं आलं, आन् हितं कुनीतरी गळ्यात घातलं. डोक्यावर दोन भोकं व्हती. दुसरे लोक भोकाचं नाणं घेत न्हाईत. मला तेच पायजे."

शेजारच्या खळग्यांत त्याहून वजनदार, बिनभोकाची सोन्याची नाणी तशीच होती. ही गोष्ट मला खटकली. सोन्यासाठी आलेला चोर भोकाचं नाणं निवडून नेत नाही.

त्याच दिवशी खबर आली. स्टेशनावरच्या एका हमालाने सांगितलं की, साहेबांचा बटलर लोंढ्याच्या सोनाराकडे सोन्याचा भाव विचारत होता. बटलर गोव्याचा, वयस्कर माणूस. त्याला चौकीवर आणला.

"सोनाराकडे मुलीच्या कुड्यांसाठी गेलो होतो," तो म्हणाला. "साहेबांची नाणी मी कशाला चोरू? संध्याकाळी ते एकेकाला हातात घेऊन बोलत बसतात. एक हललं तरी त्यांना कळतं. चांदीचे चमचे ते कधी मोजत नाहीत. चोरायचं असतं तर चमचे चोरले असते."

"फौजदारांसमोर असलं बोलू नये," हवालदार म्हणाला.

"मग काय बोलू? खरं तेच बोलतोय."

सोनाराकडे चौकशी केली. कुड्यांची गोष्ट खरी निघाली. तरी साहेबांचा संशय फिटेना, कारण रिकाम्या खळग्यात त्यांना सुपारी सापडली होती आणि बंगल्यात पान खाणारा बटलर एकटाच. ती सुपारी त्यांनी राखदाणीत टाकून दिली होती. बटलरला घेऊन मी पुन्हा बंगल्यावर गेलो आणि ती उचलून खिडकीशी नेली. अख्खी होती, अडकित्ता लागलेला नव्हता, आणि तिच्या रेघांत कुंकू भरलेलं होतं.

खायच्या सुपारीला कोणी कुंकू लावत नाही. आमच्याकडे देवाची मूर्ती उजळायला उचलली, तर तिची जागा ओकी ठेवत नाहीत. तिथे सुपारी मांडतात. ज्या हाताने नाणं उचललं, त्याने ते देव म्हणून उचललं होतं.

"हे नाणं तुम्ही कोणाकडून घेतलं?" मी विचारलं.

"दिग्गीच्या एका माणसाकडनं. रुळाखालची लाकडं तोडतो. मी पैसं मोजून घेतलं."

"त्याच्या घरचं कोणी इथे येतं?"

उत्तर बटलरने दिलं. "मध आणते ती त्याचीच बायको. साहेबांनीच तिला पेटी उघडून दाखवली होती."

साहेब म्हणाले, "मग कुनाला दाखवू? दुसरं कोन हाय हितं?"

दिग्गीला पायवाटेने गेलो. घर गावापासून सुटं, भातखाचराच्या कडेला होतं. बाई तिशीची असेल. नाणं तिच्या गळ्यात होतं आणि ते लपवायचा प्रयत्न तिने केला नाही.

"हे साहेबांच्या पेटीतून आणलंस?"

"व्हय."

"मग ही चोरी झाली."

"चोरी कशी? अक्का हाय ती माझी."

बाई दुसरेपणाची होती. पहिली बायको वारलेल्या माणसाशी जी लग्न करते, ती त्या सवतीची प्रतिमा गळ्यात बांधते. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, जेवताना पहिला घास तिच्यापुढे धरायचा. सहसा त्यासाठी सोनार छोटा पत्रा घडवून देतो. या घरात मात्र दुसरेपणाची जी येई तिच्या गळ्यात पिढ्यान्पिढ्या हे नाणंच अक्का होऊन आलेलं होतं.

"त्यावर परदेशी बादशहा आहे," मी म्हणालो.

"बादशहा कशापायी? तोंड बघा की. कानात लोंबतं डूल, हातात कुंकवाचा करंडा."

मी वाकून पाहिलं. मुकुटाच्या मोत्यांच्या लडी गालांशी लोंबत होत्या आणि हातात गोल होता. त्यानंतर मला त्यात बादशहा पुन्हा नीट दिसला नाही.

"तुझ्या नवऱ्याने ते विकलं होतं."

"दोरा कुजला, पटवेकऱ्याकडनं ओवून आणतो म्हणला, आन् तसाच सायेबाकडं गेला. इकायला ती काय म्हस हाय?"

"तुला तुरुंगात जावं लागेल."

"जाईन. तितं अक्काला गळ्यात ठिवू देत्यात का?"

तुरुंगाच्या दारात अंगावरचा दागिना काढून घेतात. मी तसं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली.

"दादला पावसाळा सोडला तर रानात. पोर न्हाई. दिसभर बोलायला हिच्याबिगर मला कोन हाय, सायेब?"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कॅसलरॉकला गेलो. साहेबांना कायद्याची बाजू सांगितली. गळ्यातला दागिना हे स्त्रीधन. ते विकायचा नवऱ्याला हक्क नव्हता. आपलीच वस्तू आपण परत घेत आहोत असं बाई मनापासून समजत होती, तेव्हा चोरीला लागणारा अप्रामाणिक हेतू दिसत नव्हता. फिर्याद पुढे चालवायची तर निकाल मॅजिस्ट्रेट देतील, आणि तोवर नाणं मुद्देमाल म्हणून जप्त राहील.

साहेबांनी वाकून तिच्या गळ्यातलं नाणं पाहिलं. मग बाईने त्यांनाच विचारलं.

"सायेब, एक इचारू? हितं व्हती तवा अक्काला घास ठिवलासा का?"

"न्हाई," साहेब म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं." मग म्हणाले, "पर बोलत व्हतो मी तिच्याशी. रोज."

बाईने मान हलवली. "मग उपाशी ऱ्हायली, पर एकटी न्हाई ऱ्हायली."

साहेबांनी फिर्याद मागे घेतली. चोरी निष्पन्न होत नाही, असा अहवाल मी वर पाठवला. बटलरला साहेब माझ्यासमोर म्हणाले, "तू चोर न्हाईस." त्याने ते ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला आत गेला. बाईच्या नवऱ्याला चौकीवर बोलावून समज दिली. विक्रीचे पैसे त्याच्याकडून वसूल करू का, असं विचारलं, तर साहेब नको म्हणाले. त्यांनी सुपारी तेवढी मागून घेतली.

पुढच्या नोकरीत मी पुष्कळ चोऱ्या तपासल्या. काय गेलं, याची यादी फिर्यादी स्वतःच देतो. मागे काय ठेवलं आहे, ते पोलिसालाच पाहावं लागतं. ही सवय मला त्या बंगल्यात लागली. आणखी एक कळलं: माणूस वस्तू धरून बसतो, तेव्हा ती वस्तू त्याच्या घरात कोणाची जागा भरते, हे आधी विचारावं.

बदलीचा हुकूम आल्यावर निरोप घ्यायला मी कॅसलरॉकला गेलो. दुपारची वेळ होती. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पेटी उघडी होती आणि त्या खळग्यात सुपारी बसवलेली होती. साहेब आत हात धूत होते. टेबलावर दोन ताटं वाढलेली दिसली. आपल्यासाठी वाढलं आहे असं समजून मी पेटीजवळची खुर्ची ओढली.

बटलर हळूच म्हणाला, "फौजदारसाहेब, इकडे बसा. तुमचं तिसरं आणतो."