परत गेलेल्यांची वही

माझं झेरॉक्सचं दुकान नगरपालिकेच्या दारासमोरच आहे. मोक्याची जागा म्हणतात ती हीच, कारण आत शिरलेला माणूस पाच मिनिटांत तोंड पाडून बाहेर येतो आणि मला म्हणतो, तीन प्रती काढा. वीस वर्षं मी या लोकांचे अर्ज बघतेय. गटाराचे, दिव्यांचे, भटक्या कुत्र्यांचे. आधी विनंती अर्ज, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. त्यामुळे वहिनी पहिल्यांदा अर्ज घेऊन आली तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई, तीन नको, दहा काढून ठेव, लागतील. ती हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखी चेष्टा करतेय.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वस्तीतल्या पालिकेच्या दवाखान्यात नर्स. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत तपासायचं टेबल आणि वजनकाटा, दुसरीत औषधांचं कपाट, आणि बाहेर एक लांब बाक, त्याचा एक पाय विटेवर. सव्वीस वर्षं ती तिथे जातेय आणि सव्वीस वर्षं सगळं लिहून ठेवतेय. घरी डाळीच्या डब्यावरसुद्धा तारीख. दूध उतू गेलं तर तेही लिहील की काय, असं मला वाटायचं. आवाज कधी चढवणार नाही, पण एकदा नाही म्हणाली की नाही. चढवायचं काम माझ्याकडे. भाऊ म्हणतो, आमच्या घरात एक वही आहे आणि एक भोंगा आहे. भोंगा कोण, ते सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. कागदावर दुसऱ्या दवाखान्याच्या डॉक्टरांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ होता. म्हणजे ते दर बुधवारी येणार होते. पहिले चार बुधवार आले, मग बुधवार नुसताच येत राहिला. मागोमाग औषधं आटली. दहा खोकी यायची तिथे तीन यायला लागली. वहिनी सकाळी कपाट उघडायची, दुपारपर्यंत ते रिकामं, आणि बाकावर माणसं बसलेलीच. त्यांना ती हात जोडून सांगायची, आज नाही हो, मोठ्या इस्पितळात जा. मोठं इस्पितळ दोन बस बदलून. तापानं फणफणलेल्या माणसाला असं सांगताना तिच्या जिवावर यायचं.

आता गंमत ऐका. गंमत कसली, माझं डोकं फिरतं आठवलं की. दवाखान्याच्या नोंदवहीत नाव कुणाचं लिहायचं? ज्याला औषध दिलं त्याचंच. वरचा नियमच तसा, औषधांचा साठा आणि नावं जुळायला हवीत म्हणून. ज्याला परत पाठवलं त्याच्यासाठी रकानाच नाही. औषधं कमी आली की नावं कमी, आणि नावं कमी दिसली की पुढच्या खेपेला औषधं आणखी कमी. असं करत करत आमची वस्ती कागदावर ठणठणीत बरी झाली. रोजची नावं अकरा. कधी नऊ.

मग पालिकेचं परिपत्रक आलं. ज्या दवाखान्यात रोज चाळीसपेक्षा कमी रुग्ण, त्याचं तीन महिन्यांनी समायोजन करण्यात येईल. समायोजन म्हणजे कुलूप. पण कुलूप म्हटलं की लोक ओरडतात, समायोजन म्हटलं की लोक अर्थ विचारत बसतात.

पलीकडच्या दवाखान्यातली नर्स वहिनीची मैत्रीण. तिनं आपणहून उपाय सांगितला. तिच्याकडे वजन केलं की एक नाव, ताप बघितला की त्याच माणसाचं दुसरं नाव आणि गोळी दिली की तिसरं, त्याच्याच गोळ्या तीन नावांवर वाटून, असे आरामात साठ भरायचे. मी म्हटलं, कर की तसं, कोण बघतंय? वहिनीनं माझ्याकडे रोखून बघितलं. तिचं म्हणणं, जी माणसं खरोखर आली ती लिहिली तरी चाळीसच्या वर जातील, खोटी कशाला आणायची?

त्याच दिवशी ती माझ्या दुकानातून दोनशे पानी वही घेऊन गेली. पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, नाव, काय हवं होतं, परत का गेले. वर ठळक अक्षरात लिहिलं, ‘परत गेलेले’. तीन महिने ती प्रत्येक माणसाला परत पाठवायच्या आधी समोर बसवून त्याचं नाव लिहीत होती. लोकांनाही बरं वाटायचं म्हणे. औषध नाही तर नाही, निदान आपण आलो होतो हे कुणीतरी लिहिलं.

त्या वहीत एक नाव अकरा वेळा आहे. दवाखान्यासमोरच्या इस्त्रीवाल्या बाईंचं. त्यांना साखरेचा आजार, आणि पायाच्या अंगठ्याला साधी जखम झाली होती. डॉक्टर नाहीत, परत. मलम संपलं, परत. गोळी नाही, परत. पट्टी वहिनी पदरची आणून बांधायची, पण जखम बघून निर्णय घ्यायला डॉक्टर लागतो. मोठ्या इस्पितळात जा, जा, म्हणून वहिनी त्यांच्या मागे लागली, पण एक दिवस दुकान बंद ठेवायचं आणि त्या पायानं दोन बस बदलायच्या, बाई आज-उद्या करत राहिल्या. शेवटी गेल्या तेव्हा दोन बोटं कापावी लागली. ते कळलं त्या दिवशी वहिनी जेवली नाही. बाईंनी तिला दोष दिला नाही, पण द्यायला हवा होता, असं ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती.

एकीकडे वही भरत होती, आणि दुसरीकडे वहिनीनं पालिकेचे खेटे सुरू केले. आरोग्य अधिकाऱ्यांना आम्ही बघूसाहेब म्हणतो. माणूस गोड. कुणालाच नाही म्हणत नाही, सगळ्यांना बघू म्हणतो. चार वेळा वहिनी गेली, चार वेळा साहेब मीटिंगमध्ये. प्रत्येक वेळी अर्जावर ‘आवक’चा शिक्का मारून घ्यायची आणि माझ्या दुकानात येऊन पाणी प्यायची. मुदत संपायला सहा दिवस उरले तेव्हा कुठे सुनावणीची तारीख मिळाली.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि बरोबर गेले. इस्त्रीवाल्या बाईही काठी टेकत आल्या. तीन जिने, लिफ्ट दुरुस्तीला. साहेबांनी तिघींना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. समोर दवाखान्याची सरकारी नोंदवही. रोजची सरासरी अकरा, साहेब म्हणाले, आमचाही नाइलाज आहे. वहिनीनं पिशवीतून आपली वही काढून टेबलावर ठेवली आणि मी कधी ऐकलं नव्हतं इतकं एका दमात बोलली. डॉक्टर द्या, औषधं पूर्ववत करा, चाळीस काय, रोज चाळीसच्या वर नावं भरतील, ही बघा माणसं. साहेबांनी दोन पानं उलटली.

“ही वही कुणाच्या आदेशानं ठेवली?”

“कुणाच्याच नाही,” वहिनी म्हणाली. “माणसं येत होती म्हणून ठेवली.”

तेव्हा इस्त्रीवाल्या बाई खुर्चीतून उठल्या. हळूच म्हणाल्या, “साहेब, मी अकरा वेळा गेले होते.”

साहेबांनी सरकारी नोंदवही जवळ ओढली. चेष्टा म्हणून नाही हं, अगदी मनापासून. बाईंचं नाव विचारलं आणि तीन महिन्यांची पानं बोट फिरवत फिरवत बघितली. आम्ही तिघी त्या बोटाकडे बघत होतो. मग त्यांनी वही मिटली.

“यांची नोंद नाही. रेकॉर्डप्रमाणे या दवाखान्यात आलेल्याच नाहीत.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मग यांच्या पायाची दोन बोटं रेकॉर्डप्रमाणे जागेवर आहेत का, तेही बघा. साहेबांनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, झेरॉक्सवाली. बाहेरच्या व्यक्तींनी सुनावणीत बोलू नये, असं ते म्हणाले. उठताना वहिनीनं दवाखान्याचं काय, असं विचारलं, तर म्हणाले, बघू.

सातव्या दिवशी त्यांनी बघितलं. दवाखान्याला कुलूप लागलं, त्याच्यावर समायोजनाची सूचना डकवली. तोवर वहिनीच्या वहीत दोन हजार तीनशे सोळा नावं झाली होती. बाक तेवढा बाहेर राहिला. वहिनीला दोन कागद मिळाले. पहिला, कारणे दाखवा नोटीस, विनापरवाना नोंदी ठेवल्याबद्दल. दुसरा बदलीचा. कुठे बदली? मुख्यालयात, रेकॉर्ड विभागात. मी इतक्या मोठ्यानं हसले की गिऱ्हाईक दचकलं, आणि मग मला रडूच फुटलं.

वहिनी काउंटरपाशी उभी होती. नोटिशीला उत्तर द्यायचं होतं, सोबत पुरावा जोडायचा होता. तिनं ती वही उघडली, माझ्याकडून पेन घेतलं आणि शेवटच्या नावाखाली पट्टीशिवायच एक रेघ मारली. दोन हजार तीनशे सतरा. स्वतःचं नाव लिहिलं. काय हवं होतं: डॉक्टर. परत का गेले, या रकान्यात लिहिलं, नोंद नाही.

वही माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, “पहिल्या पानापासून काढ. किती प्रती, ते तूच सांग.”

मी मशीनमध्ये कागद भरला आणि दहा काढल्या.