आत्याबाईंना न पटलेला अ‍ॅम्प्लिफायर

अ‍ॅम्प्लिफायरने आतून 'टक्' केलं आणि हरीदादांचा हॉल गप्प झाला. पॅनलवर लाल अक्षरांत 'प्रोटेक्ट' उमटलं. हरीदादांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांच्या नव्या बंगल्याची वीज मीच घालवली.

हरीदादा बदलापूरच्या बेलवलीतले, आगरी. बंगला झाल्यावर त्यांनी हौसेने छातीएवढ्या उंचीचे परदेशी स्पीकर घेतले. त्यांना चालेल असा अ‍ॅम्प निवडून द्यायचं काम आमच्याकडे आलं. मी उल्हासनगरच्या एका ऑडिओ दुकानात इन्स्टॉलर आहे. मालक चंदरशेठ, सिंधी, माणूस दिलदार. पण धंद्याचं एकच सूत्र सांगणार. 'सुहास, कस्टमर को वॉट दिखा, ओहम मत समझा.'

वाचकांना मात्र ओहम समजावतोच. स्पीकर म्हणजे नळाची तोटी आणि अ‍ॅम्प म्हणजे गच्चीवरची टाकी असं धरा. ओहमचा आकडा जितका लहान, तितकी तोटी जास्त उघडी आणि तितका करंट जास्त ओढला जातो. दादांचे स्पीकर चार ओहमचे, म्हणजे तोटी सताड उघडी. शेठनी पाठवलेल्या अ‍ॅम्पच्या खोक्यावर वॉट ढीगभर छापले होते, पण ते आठ ओहमच्या स्पीकरवर मोजलेले. आवाज वाढवला की बिचाऱ्याला धाप लागायची आणि तो स्वतःला बंद करून घ्यायचा. अशा अशक्त अ‍ॅम्पवर जबरदस्ती केली तर फाटका आवाज जातो आणि आधी स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा छोटा भाग, जळतो. मोठ्या अ‍ॅम्पने स्पीकर उडतात असं सगळे समजतात. मी तरी छोट्या अ‍ॅम्पने उडालेलेच जास्त पाहिलेत.

म्हणून मी व्हॅनमधून दुसरा अ‍ॅम्प आणला होता. दिसायला सरकारी कपाटासारखा, पण ट्रान्सफॉर्मर दणकट. दादांना तो बघूनच पटेना. लाइट नाही, नाचणारे काटे नाहीत, एवढे पैसे कशाचे? मी म्हटलं, डोळ्यांनी नको, कानांनी ठरवू. घरातला रोजच्या ओळखीचा आवाज रेकॉर्ड करतो आणि दोन्ही अ‍ॅम्पवर वाजवतो. जो माणसासारखा ऐकू येईल तो घ्या.

आता मागे वळून पाहिलं तर इथेच माती खाल्ली.

दादा म्हणाले, मग आपली गोमाआत्या आहे की. गोमाआत्या म्हणजे दादांच्या वडिलांची बहीण, घरातली सगळ्यात मोठी, आणि धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. पुढच्याच आठवड्यात दादांच्या मुलीची हळद होती. डीजे ठरला होता, पण आत्या गायल्याशिवाय नवरीला हळद लागणार नव्हती.

आत्या नऊवारी सावरत खुर्चीत बसल्या आणि एक धवला गायल्या. मी माइकवर घेतला. आधी शेठच्या अ‍ॅम्पवर हळू आवाजात वाजवला. बेस सैल, सगळं गुबगुबीत, आत्यांचा आवाज जाडजूड आणि गोड झालेला. आत्यांनी मान डोलावली.

मग माझा अ‍ॅम्प लावला. हॉलमध्ये जणू दुसऱ्या आत्या येऊन बसल्या. तोच बारीक, धारदार, किंचित नाकातला आवाज. मी खूश. दादांचेही डोळे मोठे झाले. आत्यांचा चेहरा मात्र पडला.

"ही कोन बाय? गला बसलाय तिचा."

दादा हळूच म्हणाले, "आत्या, तूच हायस."

"मी अशी गातंय?" आत्या उठल्या. "मंग हलदीला या डब्यालाच गायला सांग."

आणि आत गेल्या, त्या बाहेर यायचं नाव नाही. स्वयंपाकघरातून बातमी आली की आत्या लग्नात गाणार नाहीत. दादा घामाघूम. अ‍ॅम्प गेला खड्ड्यात, पोरीची हळद कशी व्हायची? मी शेठला फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "आंटी को जो पसंद है वो दे दे ना." त्यांचा अ‍ॅम्प दुकानात कधीपासून धूळ खात होता, त्यांचं काय जातंय? महिनाभरात ट्वीटर जळला असता आणि शिव्या मला बसल्या असत्या.

माझ्या अ‍ॅम्पवर 'डायरेक्ट' नावाचं बटण आहे. ते दाबलं की बेस आणि ट्रेबलचे नॉब बाजूला पडतात आणि आवाज आहे तसा निघतो. आमच्या धंद्यात ते बटण बंद करणं म्हणजे बासुंदीत मीठ. मी ते बंद केलं. बेस वर नेला, ट्रेबल खाली ओढला, आणि दादांना म्हटलं, सांगा आत्यांना, एक वायर सैल होती.

धवला पुन्हा लावला. आत्या दारातच उभ्या राहून ऐकू लागल्या. एक कडवं झालं. मग खुर्चीत बसल्या.

"हां, आता मानसात आला. नीट बघत जा रं पोरा. वायर सैल ठेवून मानसाचं नाव खराब करतंस."

मी मान खाली घालून हो म्हटलं. माझा अ‍ॅम्प तिथेच राहिला.

हळदीला मलाही बोलावणं होतं. डीजे थांबवला आणि आत्या मांडवात उभ्या राहिल्या. माइक त्यांनी हातानेच बाजूला सारला. धवला सुरू झाला तो बारीक, धारदार, किंचित नाकातला, थेट रस्त्यापर्यंत पोचणारा. माझ्या अंगावर काटा आला. नवरीचे डोळे भरले. तंतोतंत तोच आवाज होता, ज्याचा गळा बसलाय असं आत्या म्हणाल्या होत्या. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढ्यातल्या वड्यात लक्ष घातलं.

तेव्हापासून अ‍ॅम्प दाखवताना मी घरातल्या कुणालाही गायला सांगत नाही. खरा आवाज सगळ्यांना हवा असतो, फक्त तो दुसऱ्याचा असावा लागतो.