मामांच्या नावाची राखण

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसरा नसेल, आणि तितका भोळाही नसेल. रसायनीच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनकी करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन दहिवलीला घरी बसले, तरी गेट काही डोक्यातून जाईना. मी त्यांच्याकडून निघालो की आधी माझ्या पिशवीत डोकावतात. मामींनी दिलेले पापड मोजून झाल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नाही. झेरॉक्स काढताना मशीनला खेटून उभे राहतात आणि बिघडलेली प्रतही मागून घेऊन घरी चुलीत घालतात. आधारच्या प्रतीवर तिरकं लिहितात, 'फक्त गॅसच्या कामासाठी', खाली तारीख आणि सही. एकदा ते अक्षर थेट फोटोवरच गेलं. एजन्सीतला माणूस म्हणाला, "मामा, तुमचं तोंडच दिसत नाय." मामा म्हणाले, "मी समोर उभा हाय ना, माझ्याकडं बघ."

अशा माणसाच्या नावावर कुणा परक्याने सिम कार्ड घेतलं आणि त्या नंबरवरून लोकांना फसवलं. पोलीस आले तेव्हा मामा अंगणात वाल सोलत बसले होते. त्यांचा काही संबंध नाही हे पोलिसांना लवकरच पटलं. मोबाइल कंपनीकडूनच पुष्कळ ग्राहकांची कागदपत्रं चोरीला गेली होती, त्यात मामांचीही होती. कंपनीने ती स्वतःच्या मशीनवर घेतलेली, तिथे मामांचं पेन चाललं नव्हतं.

मग दर मंगळवारी मामा खोपोलीला, कंपनीच्या ऑफिसात. एकदा मीही सोबत गेलो. काउंटरवरच्या बाई समजुतीने म्हणाल्या, "काका, तो नंबर बंद केलाय. यापुढे तुम्ही सावध राहा."

"बाई, माझ्या पाळीत एकदा पिंप चोरीला गेलं," मामा म्हणाले. "चोर दुसराच होता. तरी मी लिहून दिलं, माझ्या पाळीत गेलं. आठ दिवस घरी बसवलं मला. माझी कागदं तुमच्या ताब्यात होती. तुमी एवढंच लिहून द्या, आमच्याकडून गेली."

तसं लिहून द्यायचा अधिकार बाईंना नव्हता, आणि ज्यांना होता ते कुठे बसतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढच्या मंगळवारी मामा त्यांच्यासाठी डब्यात वालाचं बिरडं घेऊन गेले.

आधी मला या हट्टाचं हसू यायचं. पण दहिवलीत घराचा करार असो की लग्नाची नोंदणी, साक्षीला मामांची सही असली की लोक निर्धास्त असत. पोलीस येऊन गेल्यापासून मामांनी कुणाच्याही कागदावर सही केलेली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या लेकीच्या लग्नाची नोंदणी होती. "आजोबा, साक्षीला तुम्हीच हवे," असं तिने आधीच बजावलं होतं. मामा इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी आले. तिची नजर चुकवून मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, दुसरा कोणी बघा. कंपनीचं पत्र आलं नाय अजून. पोरीच्या कागदावर माझं नाव नको."

मी समजावलं, पोलिसांनाही तुमचा संबंध नाही हे पटलंय असं सांगितलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी माझ्या भावाने सही केली. लेक सारखी दाराकडे बघत होती. मामा बाहेरच्या बाकावर बसून राहिले, फोटोलाही आत आले नाहीत. त्या कंपनीचा इतका राग मला आधी कधीच आला नव्हता.